तंजावरचा पाहुणचार

गेली तीस वर्षे मी वर्गात तंजावर शिकवत आलो आहे. पाठ्यपुस्तकात त्याला दोन ओळी असतात. व्यंकोजीराजे तिकडे गेले, तिथे त्यांनी राज्य स्थापले, संपले. मुले त्या दोन ओळी पाठ करतात, एका गुणाचा प्रश्न सोडवतात आणि विसरतात. मीही फार काही वेगळे करत होतो असे नाही. इतिहासात एम. ए. केले तेव्हा तंजावरच्या भोसल्यांवर एक टिपण लिहिले होते, पण ते गाव पाहावे असे कधी मनापासून वाटले नव्हते. मराठ्यांचा इतिहास म्हणजे रायगड, सातारा, पुणे. तंजावर ही त्याची दूर गेलेली, सुकलेली फांदी, असाच माझा समज होता.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या कामासाठी बंगळूरला जावे लागले. काम शुक्रवारी दुपारीच आटोपले. शनिवार-रविवार मोकळे होते. संध्याकाळी मैलादुतुराईकडे जाणारी गाडी तंजावरवरून जाते असे कळले, तेव्हा तिकीट काढले आणि बसलो. शनिवारी पहाटे तंजावरच्या फलाटावर उतरलो, तेव्हा पाट्या वाचता येत नव्हत्या, रिक्षावाल्याचे बोलणे कळत नव्हते. सीमाभागातल्या माणसाला परभाषेची सवय असते. आपल्याकडे घरात मराठी, बाजारात कानडी, कचेरीत दोन्हींची खिचडी. पण इथे माझ्या दोन्ही भाषा खिशातच राहिल्या.

स्टेशनजवळच्या लॉजवर पिशवी टाकली आणि सकाळीच बृहदीश्वराच्या मंदिरात गेलो. पहिल्या राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरे केलेले ते मंदिर. दोनशे फुटांहून उंच विमान आणि समोर प्रचंड नंदी. ते सारे पाहिले, पण माझी ओढ वेगळी होती. प्राकाराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, हे वाचून माहीत होते. शोधत शोधत नैर्ऋत्येच्या कोपऱ्याकडे आलो आणि थबकलो. तमिळ देशाच्या मध्यभागी, चोळांच्या देवळाच्या भिंतीवर, ओळींमागून ओळी देवनागरी अक्षरे! मराठीतील सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. मी चष्मा पुसला आणि नकळत मोठ्याने वाचू लागलो.

दोन-तीन ओळी झाल्या असतील. मागून आवाज आला, "तुम्हास हे वाचता येतंय?"

वळून पाहिले. सत्तरीच्या पलीकडचे गृहस्थ. पांढरी वेष्टी, खांद्यावर अंगवस्त्र, कपाळावर विभूती. वाक्य मराठी, हेल संपूर्ण तमिळ. मी म्हणालो, "येतंय की. मी बेळगावकडचा. शाळामास्तर आहे."

"म्हणजे वाद्यार!" ते हसले. तमिळमध्ये शिक्षकाला तसे म्हणतात. "मग थांबू नका. वाचा. लहानपणापासून ही भिंत बघतोय. आजोबा हात लावून सांगायचे, ही आपली भाषा. पण अक्षर आम्हास येत नाही."

तो क्षण मी विसरणार नाही. हा माणूस मराठी बोलत होता. त्याच्या घरी दहा-बारा पिढ्या मराठी बोलत आल्या होत्या. पण मराठी लिहायची तर तो तमिळ लिपीत लिहीत असे. देवनागरी त्याला परकी होती. अर्धा तास मी वाचत होतो आणि ते कान देऊन ऐकत होते. काही शब्द मला अडत होते, ते त्यांना घरच्यासारखे कळत होते. अक्षर माझे आणि अर्थ त्यांचा, अशी आमची भागीदारी जमली. पाहणाऱ्या यात्रेकरूंना ते काहीतरी पारायण वाटले असावे.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "उतरलाय कुठं?" लॉजचे नाव सांगताच त्यांचा चेहरा उतरला. "आपला माणूस गावात येऊन लॉजवर राहतो, हे बरं नव्हे. चला, पिशवी घेऊन येऊ." माझे नाव त्यांनी त्यानंतर विचारले!

त्यांच्या जुन्या मोपेडवर मागे बसून मी मेलवीदीतल्या त्यांच्या घरी गेलो. काकूंनी डवरा-टंबलरमध्ये कॉफी दिली आणि लगेच म्हणाल्या, "जेवूनच बाहेर जायचं." केळीच्या पानावर भात, आमटी, कोशिंबीर आणि काकू 'पिटलं' म्हणतात तो कारल्याचा डाळ घातलेला पदार्थ. तमिळ घरांत त्याला पिटलै म्हणतात. आपल्या पिठल्याशी त्याचे नाते नावापुरतेच उरले आहे, पण नाव टिकून आहे. आपली पोळीही तिकडे 'पोळी' याच नावाने तमिळ मिठाईच्या दुकानात मिळते, मात्र ती पुरणाची. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडले, अशी एक दंतकथा तंजावरात हमखास ऐकवतात. कोकम संपले म्हणून आमटीत चिंच घातली वगैरे. तिला कागदाचा आधार नाही. पण काका ती इतक्या रंगात सांगत होते की माझ्यातल्या इतिहासाच्या मास्तराने आमटी ओरपत गप्प बसणे पसंत केले.

दुपारी ओसरीवर गप्पा निघाल्या. पुस्तकातल्या दोन ओळींमागे केवढे दालन आहे, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवले. ते थोडक्यात वाचकांपुढे मांडतो.

१६७३ मध्ये मदुरेच्या नायकाने तंजावरच्या नायकाचे राज्य जिंकले. नायकांच्या वारसाला गादीवर बसवण्यासाठी विजापूर दरबाराने शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांना पाठवले. १६७५-७६ च्या सुमारास त्यांनी स्वतःच तिथले राज्य हाती घेतले. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी दोघे भाऊ भेटले आणि वडिलार्जित वाट्याच्या प्रश्नावर बिनसलेही. पुढे तह झाला, त्यात व्यंकोजींची राणी दीपाबाई हिच्या शहाणपणाचा मोठा वाटा मानला जातो. तिथून १८५५ पर्यंत, म्हणजे जवळपास एकशे ऐंशी वर्षे, तंजावरला भोसले नांदले. साताऱ्याची गादी कंपनीने १८४८ मध्ये खालसा केली, त्यानंतरही सात वर्षे तंजावर होते. ज्याला मी सुकलेली फांदी समजत होतो, ती साताऱ्यानंतरही हिरवी होती.

आणि त्या फांदीला काय बहर आला! व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे १६८४ ते १७१२ पर्यंत गादीवर होते. त्यांच्या नावावरचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक आहे. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतल्या प्रयोगापासून मोजतो, तो योग्यच आहे, कारण सलग परंपरा तिथून सुरू होते. पण त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी कावेरीकाठी मराठी नाटके लिहिली जात होती, हेही आपल्या मुलांना ठाऊक असावे. याच शहाजीराजांचे दुसरे एक नाटक मला अधिक मोलाचे वाटते, ते म्हणजे 'पंचभाषाविलास'. संस्कृत, मराठी, तेलुगू, तमिळ आणि हिंदी अशा पाच भाषा त्या एका नाटकात आहेत. वेगवेगळ्या देशांच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात, कोणी कोणाला तुझी भाषा सोड म्हणत नाही. दुभाषी जिल्ह्यात राहणाऱ्या आपणा सर्वांना ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

दुसरे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले. दत्तक पुत्र, बालपण धोक्यात गेलेले. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने त्यांचा सांभाळ आणि शिक्षण यांत लक्ष घातले. श्वार्ट्झच्या मृत्युशय्येपाशी उभे असलेले सरफोजी, असे फ्लॅक्समन या शिल्पकाराचे संगमरवरी शिल्प तिथल्या जुन्या चर्चमध्ये आजही आहे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला किल्ला, आसपासचा थोडा भाग, वर्षाला एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. तलवार गेली, तेव्हा या राजाने ग्रंथ हाती घेतले. नायकांपासून चालत आलेला ग्रंथसंग्रह त्याने वाढवला, १८२० मध्ये निघालेल्या काशीयात्रेतूनही हस्तलिखिते जमवून आणली. १८०५ च्या सुमारास वाड्यात छापखाना काढला. तिथे इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' १८०६ मध्ये छापले गेले. मुंबईत मराठी पुस्तके छापली जाऊ लागण्याआधीची ही गोष्ट आहे.

हे सारे सांगून झाल्यावर काकांनी एकच विचारले, "छत्राचं सांगितलं नाहीत?"

तंजावरहून रामेश्वरकडे जाणारा रस्ता म्हणजे साऱ्या हिंदुस्थानच्या यात्रेकरूंची वाट. तिच्यावर मराठा राजांनी ठिकठिकाणी छत्रे बांधली, बहुतेक राजस्त्रियांच्या नावांनी. नीडामंगलमचे यमुनांबाचे छत्र, ओरतनाडूचे मुक्तांबाचे छत्र ही त्यांतली प्रसिद्ध. कारभार कंपनीकडे जाताच सरफोजींना धास्ती पडली ती या छत्रांची. १८०१ साली त्यांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून छत्रे आणि त्यांच्या जमिनी आपल्याकडेच राहू द्याव्यात अशी विनंती केली. त्या पत्रात छत्रात काय चालते याचा तपशील आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत, जोगी, जंगम, फकीर, कोणीही येवो, त्याला शिजलेला भात मिळे. शिजलेले अन्न ज्याला चालत नसेल त्याला शिधा. आजारी पडला तर वैद्य आणि पथ्य. वाटेत कोणी दगावले तर त्याच्या धर्माप्रमाणे अंत्यविधी. पोरक्या मुलांचा सांभाळ, बाळंतिणीची सोय, आणि शिकवायला पंतोजी. आणि सर्वांत शेवटी एक व्यवस्था. वाढप मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई, की कोणी जेवायचा राहिला असेल तर त्याने यावे, त्याचे अन्न ठेवले आहे.

त्या काळच्या जातिभेदाची बंधने छत्रातही असणारच, पंगत एकच असेल असे मी म्हणत नाही. तरीही गेलेल्या राज्याबद्दल फारशी तक्रार न करता घंटा बंद पडू नये म्हणून अर्ज करणारा राजा मला त्या ओसरीवर दिसू लागला. छत्रे राजाकडेच राहिली.

"आमच्या आजोबांचे आजोबा अशाच एका छत्रात होते म्हणतात," काका म्हणाले आणि आत गेले. येताना हातात कापडात गुंडाळलेला एक कागद होता. कडा झिजलेल्या, मधोमध घडीवर फाटलेला. "हा आमचा इनामाचा कागद. जमीन कुठली ते त्यात आहे. वडील म्हणायचे, महाराष्ट्रातून कोणी शिकलेला माणूस आला की वाचून देईल. बघा तुम्ही."

मी कागद उलगडला. मोडी! वेलबुट्टीसारखी, एकाही ठिकाणी हात न उचललेली ओळ. वाचकहो, मी इतिहासाचा एम. ए., हायस्कूलचा मुख्याध्यापक, आणि मला त्यातले श्रीकारापलीकडे एक अक्षर लागेना. सकाळी देवळाच्या भिंतीशी मी त्यांना अक्षर वाचून दाखवत होतो. दुपारी त्याच माणसासमोर, त्याच भाषेत, मी निरक्षर ठरलो होतो. काकू दारात येऊन उभ्या होत्या. मी कसेबसे म्हणालो, "काका, ही मोडी आहे. मला येत नाही."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, "असू दे. आम्हास तुमचं येत नाही, तुम्हास त्यांचं येत नाही." आणि विषय बदलून रात्रीच्या जेवणाचे विचारू लागले. त्यांच्या त्या सभ्यपणाने मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले. त्या रात्री झोप नीट लागली नाही. माझे आजोबा सही मोडीत करीत. त्यांची एक ट्रंक आमच्या माळ्यावर आहे, तिच्यात जमाखर्चाच्या वह्या आणि पत्रे आहेत. स्वातंत्र्याच्या आसपास मोडी शाळांतून गेली आणि माझ्या पिढीला त्या ट्रंकेची किल्लीच उरली नाही.

रविवारी काका मला सरस्वती महालात घेऊन गेले. राजवाड्याच्या आवारातले हे ग्रंथालय १९१८ पासून सर्वांना खुले आहे. हस्तलिखितांत बहुसंख्य संस्कृत, त्याखेरीज तमिळ, तेलुगू, आणि सुमारे तीन हजार मराठी. शिवाय राज्याच्या दप्तराचे हजाराहून अधिक मोडी रुमाल. काचेतल्या पोथ्या पाहताना मनात एकच विचार होता, आपला केवढा इतिहास आपल्यालाच न येणाऱ्या अक्षरात बांधून पडला आहे.

वाड्यातून बाहेर पडताना काकांनी राज्याच्या अखेरीची गोष्ट काढली. १८५५ च्या ऑक्टोबरात दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले. कंपनीने राज्य तर खालसा केलेच, वाड्यातली खाजगी चीजवस्तूही जप्त केली. राणी कामाक्षीबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या कोर्टात दावा लावला आणि जिंकला. कंपनीने लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केले. १८५९ च्या निकालात सरकारचे हे कृत्य राज्यसत्तेचे कृत्य आहे, त्यात कोर्टाला हात घालता येत नाही, असे ठरले. राणी हरल्या, पण पुढे १८६२ मध्ये सरकारला खाजगी मालमत्ता परत देणे भाग पडले. साम्राज्यापुढे कागद घेऊन उभी राहिलेली ती बाई झाशीच्या राणीची समकालीन. तिचे नाव आपल्या किती घरांत ठाऊक आहे?

संध्याकाळी स्टेशनवर काकूंनी दहीभाताचा डबा दिला. मी त्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली. "वाचून कळवीन," म्हणालो. काका म्हणाले, "सावकाश. तीन पिढ्या थांबलाय तो."

घरी आल्यावर मोडीची पुस्तके मिळवली. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा बाराखडी गिरवू लागलो. पहिल्या महिन्यात क आणि फ ओळखू येईनात. शाळेतल्या शिपायाने एकदा पाहिले आणि विचारले, "सर, चित्रं काढताय?" आठ महिन्यांनी आजोबांच्या वहीतले पहिले पान सरळ वाचता आले. त्यानंतर तंजावरचा कागद काढला. तीन रविवार लागले.

ते इनामपत्र नव्हते. जमिनीचा त्यात उल्लेखच नव्हता. ती एका छत्राच्या कोठीची एका दिवसाची याद होती. तांदूळ इतके, डाळ इतकी, चिंच, मीठ, ताक, सरपण, दिव्याचे तेल. शेवटी एका कारकुनाचे नाव. फाटक्या घडीवरचे दोन शब्द मला अजून लागलेले नाहीत.

फोन करायला माझा हात धजेना. तीन पिढ्यांनी ज्यात जमीन पाहिली, त्यात चिंच आणि सरपण निघाले हे कसे सांगावे? शेवटी फोन लावला आणि सारे जसेच्या तसे वाचून दाखवले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग काकांचे हसू ऐकू आले. "म्हणजे आम्ही इनामदार नव्हे, वाढपी!" ते मोठ्याने काकूंना सांगू लागले. मग पुन्हा फोनवर आले आणि म्हणाले, "वाद्यार, तांदूळ किती होते ते पुन्हा सांगा. लिहून घेतो." मी सांगत गेलो आणि ते तमिळ अक्षरांत लिहीत गेले.

मी या दोन दिवसांवर पुष्कळ विचार केला आहे. शाळा असली की भाषा टिकते, असे मी मुख्याध्यापक म्हणून मानत आलो. तंजावरच्या त्या घराला मराठी शाळा मिळाली नाही, तरी स्वयंपाकघरात भाषा साडेतीनशे वर्षे जगली. मात्र शाळा नसल्याने अक्षर गेले आणि स्वतःचाच कागद परका झाला. आपल्याकडे उलट होऊ घातले आहे. अक्षर आहे, पाटीसाठी आपण मोर्चेही काढतो, पण घरातले बोलणे पातळ होत चालले आहे. माझा स्वतःचा नातू इंग्रजी शाळेत जातो. तो माझ्याशी मराठी बोलतो, पण आकडे इंग्रजीतच मोजतो. दोष त्याचा नाही. त्याला 'एकोणसाठ' म्हणजे किती हे मी कधी बसून सांगितले नव्हते. आता दर रविवारी आम्ही दोघे आजोबांच्या ट्रंकेतली एक वही काढतो. मी मोडी वाचतो, तो देवनागरीत उतरवतो. जमाखर्चातले आकडे मराठीतच म्हणायचे, असा नियम आहे. त्याला कंटाळा येतो. पण येतो बिचारा.

तंजावरला राज्य राहिले नाही. छत्रांच्या काही वास्तूंत पुढे शाळा आणि वसतिगृहे आली. मध्यरात्रीची ती घंटा कधी बंद पडली, ते सांगायला आता कोणी नाही. पण देवळाच्या भिंतीशी एक अनोळखी माणूस मराठी वाचतो आहे असे ऐकून, नावगाव विचारण्याआधी त्याची पिशवी लॉजवरून उचलणाऱ्या माणसाच्या घरी मी जेवलो आहे. यंदाच्या दिवाळीला फराळाचा एक डबा मेलवीदीला रवाना केला आहे. सोबत कागदाची देवनागरी प्रत आहे आणि तिच्याखाली नातवाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेली बाराखडी. काकांनी ती मागितली होती.